गाभण पाणी, भाकड पाणी

विनेमका, नेवाडा
६ जानेवारी १९८६

पेयो,

आर्नोच्या नावाची प्रार्थना काल चर्चमध्ये झाली. तू आला नाहीस. रस्ता बर्फाने बंद होता असं म्हणशील, आणि तो खरंच बंद होता, म्हणून तुझं फावलं.

आर्नो गेला तेव्हा नवऱ्यामागे बाईला खानावळ चालवता येत नाही असं गावाला वाटत होतं. मी चालवून दाखवली. पण आता वरच्या मजल्यावर म्हातारे मेंढपाळ चारच उरलेत. एर्रामुंला ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, बाकीच्या तिघांना ऐकायचं नसतं. शनिवारी बाहेरची माणसं जेवायला येतात, तेवढाच गजबजाट. जिना चढताना माझे गुडघे वाजतात आणि ते ऐकायला दुसरं कुणी नसतं.

तू मेंढ्या सोडून खाणीत गेलास तेव्हा मी तोंड उघडलं नाही. पण त्या लोन ज्युनिपरच्या माळावर, पत्र्याच्या डब्यासारख्या खोलीत, एकटा किती दिवस काढणार आहेस? इथे ये. आर्नोची खोली रिकामी आहे. कामाला नको, भाऊ म्हणून ये.

आणि तू तिथे करतोस तरी काय? लोक विचारतात तेव्हा मी सांगते, कोळसा धुतो. मग लोक हसतात.

तुझी थोरली बहीण
ग्राशी


लोन ज्युनिपर खाण
२ फेब्रुवारी १९८६

ग्राशी,

हसू देत. मी खरोखरच कोळसा सांभाळतो. मेंढ्यांपेक्षा बरा, पळत नाही.

कसं असतं सांगतो. डोंगर फोडून खडी करायची, जाड प्लास्टिकवर तिचा ढीग रचायचा आणि वरून सायनाइडचं पाणी थेंब थेंब सोडायचं. दगडातलं सोनं डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक असतं. पाणी त्याला विरघळवतं आणि घेऊन खाली तळ्यात येतं. या सोनं पोटात घेतलेल्या पाण्याला इथले लोक काय म्हणतात माहितेय? गाभण! इंग्रजीत म्हणतात, पण आपल्या घरच्या बोलीत आणलं की मेंढीचाच शब्द तोंडात येतो. साहेब टाय लावून विचारतात, "आज गाभण कशी आहे?" पहिल्या दिवशी मी गोठा शोधायला निघालो होतो.

मग ते पाणी उंच टाक्यांतून, कोळशातून चढवायचं. हा कोळसा नारळाच्या करवंटीचा, फिलिपीन्सहून बोटीने येतो. दाणा दिसायला मसुराएवढा, पण आतून असा पोखरलेला की त्याला तळ नाही. सोनं सायनाइडला बिलगून आलेलं असतं, ती जोडी तशीच आत शिरते आणि भिंतीला चिकटते. पाण्यात चुना असला तर पकड आणखी घट्ट. चांदीही अशीच सायनाइडबरोबर येते आणि चिकटते, पण सैल. मागून सोन्याची गर्दी झाली की चांदीला उठून जागा द्यावी लागते.

एक गंमत अशी की नवा कोळसा शेवटच्या टाकीत टाकतात, जिथे पाण्यात सोनं जवळजवळ नसतंच. मग तो हळूहळू पहिल्या टाकीकडे सरकवायचा. पाणी इकडून तिकडे, कोळसा तिकडून इकडे. नवख्याला हे उलटं वाटतं. पण कडकडून भूक लागलेला माणूसच ताट पुसून खातो ना? म्हणून उरलंसुरलं त्याच्यापुढे ठेवायचं.

बाकीचा वेळ तळ्यावरची जाळी तपासत फिरतो. बदकं उतरली तर मरतात. वरून पाणी फार छान दिसतं त्यांना.

खोलीचं म्हणालीस. बघू. बर्फ वितळू दे.

पेयो


विनेमका
३ मार्च १९८६

पेयो,

दोन पानं कोळसा आणि दीड ओळ मी! बर्फ वितळला. आता?

गाभण पाणी म्हणे. पुरुषांना दुसरं काही सुचत नाही. पत्र मी म्हाताऱ्यांना वाचून दाखवलं. एर्रामुं म्हणाला, "सोनं देते तर दूध किती देते, ते विचार." जेवणं होईपर्यंत तेच चाललं होतं.

आता नीट ऐक. रीनोचं एक जोडपं घर बघून गेलं. बाईने पडदे हाताने चाचपले आणि नाक मुरडलं, म्हणजे तिला घर आवडलंय. त्यांना ईस्टरपर्यंत उत्तर हवं आहे. तू येणार असशील तर मी विकणार नाही. तू नसशील तर मला हे एकटीला ओढवत नाही. आर्नोची भाची बेकर्सफील्डला बोलावते आहे, तिकडे जाईन. मला जायचं नाही. माझी सगळी माणसं इथल्या मातीत आहेत, आणि जिवंत असा तू एकटाच.

फोन कर म्हणत नाही. खाणीच्या ऑफिसात सगळे कान टवकारून बसतात हे तू सांगितलं आहेस. पण 'येतो' किंवा 'येत नाही' एवढं लिही. कोळसा नको.

ग्राशी


(पोस्टकार्ड)
लोन ज्युनिपर
१९ मार्च १९८६

ग्राशी, पत्र मिळालं. सविस्तर नंतर लिहितो. सध्या भाकडीने जीव नकोसा केलाय. सगळी चांदी घेऊन चाललीय. जी आपल्याकडे राहायला हवी ती तिच्या अंगावर! साहेब म्हणतात, हिला अशीच किती दिवस फिरवत बसणार? तिचा काहीतरी बंदोबस्त झाल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही. पेयो


विनेमका
२४ मार्च १९८६

पेयो,

सोबतच्या पार्सलात आईची चांदीची जपमाळ आणि चांदीच्या दोन मेणबत्तीदाण्या आहेत. आईने मला दिलेल्या एवढ्याच वस्तू होत्या. आता माझ्याकडे काही नाही.

ग्राशी


लोन ज्युनिपर
१४ एप्रिल १९८६

ग्राशी,

अगं, इतकं कशाला? पार्सल उघडलं आणि आईच्या हाताचा वास आल्यासारखं झालं. मेणबत्तीदाण्या खिडकीत ठेवल्यात. ट्रकवाला म्हणाला, "पेयो, चर्च काढतोस की काय?" तुझं मन मोठं आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण तू आजारी तर नाहीस ना? माणसं अशी आपल्या वस्तू उगाच वाटत नाहीत.

इकडे आनंदीआनंद. भाकडीची कटकट एकदाची मिटली. आता अगदी कोरी झालीय, अंगावर काही म्हणता काही उरलं नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

ईस्टर होऊन गेला, माझ्या लक्षात आहे. घराचं तू ठरव. तुला योग्य वाटेल ते कर, माझी हरकत नाही.

पेयो


बेकर्सफील्ड, कॅलिफोर्निया
९ ऑगस्ट १९८६

पेयो,

तुझी मधली तीन पत्रं फिरत फिरत इथे आली. "काय झालं, काय झालं" असं तिन्हींत विचारलं आहेस. तुला खरंच कळत नसेल तर सांगते, म्हणजे पुन्हा विचारू नकोस.

तुझं कार्ड आलं तेव्हा माझे हात पिठात होते. एर्रामुंला म्हटलं, वाच रे, माझ्या भावाने 'येतो' लिहिलंय का बघ. त्याने वाचलं. बहिरा माणूस, मोठ्यानेच वाचतो. टेबलावर शनिवारची माणसं होती. 'भाकडीने जीव नकोसा केलाय' इथपर्यंत सगळे हसत होते, त्यांना वाटलं एखादी मेंढी असेल. मग चांदीचं आलं. आईची चांदी माझ्याकडे आहे हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, दर नाताळला मेणबत्त्या त्यातच लागायच्या. मग कुणी हसलं नाही. एर्रामुंने कार्ड उलटं ठेवलं आणि सूप मागितलं.

आर्नोच्या आईने मला हाच शब्द दिला होता. भाकड. नाव घेऊन हाक मारली नाही तिने कधी. "भाकडीला सांगा, पाव संपला." ती मेली, आर्नो मेला, गावही विसरलं, आणि मला वाटलं सुटले. तुला तो शब्द माहीत होता. आमच्याकडे जेवायला यायचास तेव्हा ऐकत होतास, आणि ताटात बघत होतास.

मी एवढंच मागितलं होतं की माझ्याजवळ राहायला ये. नाही म्हणायचं होतं तर म्हणायचंस. आणि वर चांदी पाठवली तर लिहितोस, भाकड आता कोरी झाली, साहेबांनी पाठ थोपटली! तुझ्या साहेबांशीही माझ्याबद्दल बोलून झालं?

घर गेलं. रीनोच्या जोडप्याला दिलं. म्हाताऱ्यांना राहू देण्याची अट घातली, ती त्यांनी मानली. मी इथे भाचीच्या शिवणाच्या खोलीत झोपते. घरात सगळे दिवसभर बोलतात, पण माझ्याशी बोलायचं कुणाला सुचत नाही. खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते.

ग्राशी


लोन ज्युनिपर
१७ ऑगस्ट १९८६

ग्राशी, ग्राशी,

ते पाणी आहे! देवाशपथ, पाणी आहे!

गाभण पाणी कोळशातून गेलं, सोनं कोळशाला चिकटलं, की वरून जे रिकामं पाणी बाहेर पडतं त्याला इथे भाकड म्हणतात. गाभण आणि भाकड, अशी दोन तळी आहेत इथे, शेजारीशेजारी, पाट्या लावलेली. 'पाणी' कुणी म्हणत नाही. पंपाला, ट्रकला, पाण्याला, सगळ्याला इथे बाईसारखं 'ती' म्हणतात आणि मलाही तीच सवय लागली. गाभण तुला सांगितली होती. भाकड सांगायची राहिली. मला वाटलं मी सांगितली आहे.

नव्या खड्ड्यातल्या दगडात चांदी फार निघाली. कोळशाने आधी ती धरली, मग मागून सोनं आलं आणि तिला ढकलून बसलं. सैल धरलेली ती, सुटली आणि भाकड पाण्याबरोबर बाहेर जायला लागली. साहेब म्हणाले, ही चांदी ढिगावरून तळ्यात आणि तळ्यातून ढिगावर किती दिवस फिरवणार? मग मी कोळसा लवकर लवकर पुढे सरकवायला लागलो. चांदी ढकलली जायच्या आत तिच्यासकट कोळसा बाहेर काढायचा. त्याने पाणी कोरं झालं. म्हणून पाठ थोपटली. तुझं नावसुद्धा इथे कुणाला माहीत नाही.

तुझं पत्र वाचून मी तळ्यावर गेलो आणि ती पाटी बघत उभा राहिलो. रोज बघतो. इतक्या वर्षांत एकदाही मला तू आठवली नाहीस, कारण माझ्या डोक्यात तो शब्द तुझा नव्हताच कधी. तो त्या म्हातारीचा होता. ताटात बघत होतो हे मात्र खरं. तिला एक शब्द बोललो नाही.

चांदी परत पाठवू? काय करू ते सांग. घर परत मिळेल का? मी त्या जोडप्याशी बोलतो.

पेयो


बेकर्सफील्ड
१ सप्टेंबर १९८६

पेयो,

पत्र वाचून मी हसले. शिवणाच्या खोलीत एकटीच हसत होते. भाचीची मुलगी दारातून बघून गेली आणि आईला सांगून आली की आजी बिघडली. मग थोडी रडले, पण ते तिने पाहिलं नाही.

म्हणजे पाण्याच्या पायी मी घर विकलं. एर्रामुंला मी कळवलं आहे. तो आता बिचारा स्वतःला दोष देत बसेल, म्हणून लिहिलं की कार्ड तू छान वाचलंस.

त्या जोडप्याशी बोलू नकोस. त्यांनी माझी चूल काढून पोलादी शेगड्या बसवल्यात. घर गेलं ते गेलं. चांदी तुझ्याकडेच राहू दे, इथे ठेवायला फळी नाही.

शब्दाचंही सोडून दिलं मी. पण एक सोडवत नाही. जानेवारीत विचारलं, तू कोळसा लिहिलास. मार्चमध्ये पुन्हा विचारलं, तू पाणी लिहिलंस. ईस्टर गेल्यावर लिहिलंस, घराचं तू ठरव. आणि आता हे एवढं लांबलचक पत्र, त्यातही पुन्हा कोळसा, पाणी, चांदी! ते कार्ड नीट वाचलं असतं, तू म्हणतोस तसंच समजलं असतं, तरी त्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर कुठे होतं? गैरसमज माझा झाला, कबूल. पण तू उत्तर दिलंस आणि मला ते समजलं नाही, असं काही झालेलं नाही. तू उत्तर दिलंच नाहीस.

तुला माझ्याजवळ राहायचं नव्हतं का? आता घर नाही, खोली नाही, तेव्हा भीड कशाची? खरं सांग.

ग्राशी


लोन ज्युनिपर
२८ सप्टेंबर १९८६

ग्राशी,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता जसं येईल तसं पाठवतो.

मला यायचं होतं. पण मला तुझ्या टेबलाची भीती वाटते.

एकविसाव्या वर्षी मला मेंढ्यांमागे डोंगरात पाठवलं तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात मी रडायचो. कुत्र्याशी बोलायचो, नंतर नंतर कुत्र्याशीही बोलायचं थांबलं. इतकी वर्षं तसं काढल्यावर माणसाचं काय होतं ते मी तुला कसं सांगू? माणसं जमली, हसायला लागली, ताटं इकडून तिकडे फिरायला लागली, की माझ्या छातीत धडधडतं. कुणी "पेयो, तू का गप्प?" विचारलं की घास गिळता येत नाही. तुझ्याकडे आलो की पहिल्या सुपानंतर मी 'घोड्याला बघून येतो' म्हणून उठायचो. घोडा कधीच नव्हता माझ्याकडे, मी ट्रकमधून यायचो. तू कधी काही बोलली नाहीस.

खाणीतलं हे काम धरलं ते यासाठीच. कोळसा गप्प का आहेस असं विचारत नाही. पण तुला हे लिहायची लाज वाटली. बहीण एकटी पडलीय, भावाला हाक मारतेय, आणि भाऊ म्हणतो मला जेवायला बसायची भीती वाटते! तू हसली असतीस. किंवा हसली नसतीस, ते आणखी वाईट. म्हणून कोळसा लिहीत राहिलो. कोळशाबद्दल मला सगळं ठाऊक आहे, लिहायला बसलो की हात थांबत नाही.

इथे रोज या पत्र्याच्या खोलीत एकटा जेवतो आणि रोज वाटतं, समोर कुणीतरी असावं. एकच कुणीतरी. तू असावीस. आता हे सांगून काय उपयोग.

पेयो


बेकर्सफील्ड
६ ऑक्टोबर १९८६

अरे गाढवा,

टेबलावर तुला बोलावलं कुणी होतं?

मी त्या टेबलाशी जेवलेच नाही कधी. आधी सासूने बसू दिलं नाही, नंतर वाढण्यातून वेळ मिळाला नाही, आणि आर्नो गेल्यावर बसवेना. पंचवीस माणसांना वाढून मी आत जायची, दार लोटायची आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून खायची. बाहेरचा हसण्याचा आवाज आला की मलाही घास उतरत नसे. मला वाटायचं, आपल्यातच काहीतरी खोट आहे. त्या आतल्या ओट्याशी एक स्टूल होतं, त्यावर मी कांद्याची टोपली ठेवायची. तू येशील म्हणून मार्चमध्ये ती टोपली उतरवली होती आणि स्टूल पुसून ठेवलं होतं.

दार लोटलेलं असतं. बोलावं लागलं नसतं. मी सुद्धा काही विचारलं नसतं, मला तरी कुठे बोलायचं होतं.

घोड्याचं मला माहीत होतं रे. तू गेलास की मी खिडकीतून बघायची. तू ट्रकला टेकून उभा असायचास, आणि मी भांडी सोडून बाहेर यावं की नाही याचा विचार करत राहायची. वाटायचं, त्याला एकटं राहायचं असेल. आले नाही.

ग्राशी


लोन ज्युनिपर
१२ ऑक्टोबर १९८६

ग्राशी,

साहेबांना सांगितलं. कोळशाचं काम एका नव्या माणसाला शिकवून दिलं आहे. तो म्हणतो, नवा कोळसा शेवटच्या टाकीत हे त्याला पटत नाही. पटेल.

गुरुवारच्या बसने निघतो, शुक्रवारी सकाळी तिथे पोचेन. भाचीच्या घरी मी राहणार नाही, तिला तसं सांग. स्टँडजवळ दोन खोल्या भाड्याने मिळाल्या तर बघू, नाहीतर आणखी कुठे. तू स्टँडवर ये. ओळख पटली की बोललंच पाहिजे असं नाही.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. उत्तर आलं तर मी ते वाचत बसेन, आणि बस निघून जाईल.

पेयो